एजंट नेमका कोणाचा? (फ्लॅट विकतानाचा अनुभव आणि एक प्रश्न)

शेवंती

मंडळी, डोकं शांत करून लिहायला बसलेय. तरी सूर चढला तर सांभाळून घ्या.

सिंहगड रोडला आईबाबांचा जुना टू बीएचके होता. बाबा गेले, आई माझ्याकडे आली, भाऊ नाशिकला. दीड वर्ष फ्लॅट बंदच होता, म्हणून विकायचं ठरवलं. सोसायटीतल्याच एकांनी एजंट सुचवला. बोलायला गोड, फोन पहिल्या रिंगला उचलणारा. मी ७८ लाख अपेक्षा सांगितली. तो म्हणाला, "ताई, पार्टीसमोर आपण ७८च बोलू. पण मला मनातला आकडा सांगून ठेवा, म्हणजे कुठपर्यंत ताणायचं ते कळेल." मी सांगितलं की ७२च्या खाली येणार नाही, आणि पुतणीची फी भरायची असल्याने जूनच्या आत पैसे हवेत. हे फक्त त्याला सांगितलं होतं. आईलासुद्धा नाही.

पहिल्या दोन पार्ट्या नुसत्या बघून गेल्या. तिसरी आली ती थेट ७१ बोलली. घासाघीस होऊन साडेबहात्तरला जमलं. मला वाटलं, बाजारच बसलाय. साठेखत नोंदवून झालं. दलाली दोन टक्के, म्हणजे १ लाख ४५ हजार. निम्मी साठेखताला दिली, निम्मी ताब्याच्या दिवशी द्यायची आहे.

परवा घेणारे लोक ओट्याचं माप घ्यायला आले होते. काकू टेप धरून फ्रिज कुठे बसेल ते बघत होत्या, मी चहा गाळत होते. सहज म्हणाल्या, "पुतणीच्या फीचं झालं ना वेळेवर? दादा म्हणाले होते आम्हाला, ताईंना घाई आहे, बहात्तरपर्यंत येतील." माझं गाळणं हातातच राहिलं. दादा म्हणजे आपला एजंटच. वर हेही कळलं की त्याने त्यांच्याकडूनही दोन टक्के घेतलेत.

प्रश्न एवढाच आहे. ज्याला मी पैसे मोजते त्याची माझ्याशी काही कायदेशीर बांधिलकी असते की नाही? आणि उरलेले ७२,५०० द्यायचे का?

चहाबाज

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा दोन्ही घरी जेवून वर डबाही भरून घेऊन गेला.

दिगंबर_नाना

ताई, मनातला आकडा देवळातसुद्धा मोठ्याने बोलू नये.

लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजारात जायचो. तिथे दलाल रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरून भाव व्हायचा. चार माणसं भोवती उभी असली तरी आकडा कोणाला कळत नसे. दलाल दोघांकडूनही पैसे घ्यायचा, पण ते सगळ्या बाजाराला ठाऊक असायचं. आणि एकाच्या बोटांचा आकडा त्याने दुसऱ्याला सांगितला असं कळलं, तर पुढच्या आठवड्यात त्याच्या रुमालाखाली कोणी हात घालत नसे. तुमच्या दादांचा रुमालच फाटका निघाला.

पोपट_पंच

महारेराला, म्हणजे बिल्डर-एजंटांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाला, तक्रार ठोका, विचार कसला करताय. एजंटला रोजचा १० हजार दंड असतो. दोन दिवसांत पाय धरत येईल.

अॅड_कल्याणी

पोपट_पंच, थांबा जरा. तो रोजचा १० हजार रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम ६२ मधला. नोंदणी न करता एजंटगिरी केली किंवा त्या कायद्यातली एजंटची कर्तव्यं मोडली तर तो लागतो, आणि त्यालाही मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. शिवाय कलम ९ प्रमाणे एजंटला नोंदणीची सक्ती आहे ती बिल्डर विकत असलेल्या, रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांपुरती. शेवंतीताईंचा व्यवहार जुन्या सोसायटीतल्या रिसेलचा. तिथे रेराचं दार ठोठावलं तर बहुधा "हे आमच्याकडे येत नाही" असंच उत्तर मिळेल. लोक हे नेहमी गल्लत करतात, आणि मग "कायद्यात काही नाहीच" म्हणून हात झटकतात.

कायद्यात आहे, आणि रेराच्या १४४ वर्षं आधीपासून आहे. भारतीय करार कायदा, १८७२, त्यातलं एजन्सीचं प्रकरण. एजंट नेमायला लेखी कागद लागत नाही, तोंडी किंवा वागण्यातूनही एजन्सी ठरते. एकदा ठरली की मालकाच्या सूचनेप्रमाणे काम करणं (कलम २११), त्या धंद्यात लागतं तेवढं कौशल्य आणि काळजी वापरणं (२१२), हिशेब देणं (२१३), अडचण आली तर मालकाला कळवून त्याचं मत घेणं (२१४) ही त्याची कर्तव्यं. मालकाच्या नकळत स्वतःचा फायदा साधला तर मालक तो फायदा मागू शकतो (२१६). आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी कलम २२० वाचा. ज्या कामात एजंटने गैरवर्तन केलं, त्या कामाच्या भागाचा मोबदला त्याला मागता येत नाही.

आता थोडं पाणी ओतते. तो म्हणेल, "मी कोणाचाच एजंट नव्हतो, मी मध्यस्थ. दोघांची गाठ घालून दिली." खरी लढाई इथेच होते. त्याने तुमच्या वतीने भाव करायचं कबूल केलं होतं हे दाखवता आलं तर तुमची बाजू भक्कम. चॅट डिलीट केलेलं नाही ना?

तिरकस

आमच्या काकांची मुळशीकडे जमीन होती. एजंटने येऊन सांगितलं की नियोजित रस्ता मधूनच जातोय, अर्धी जमीन सरकार घेणार, मिळेल त्या भावात काढा. काकांनी काढली. घेणारा कोण? एजंटचा मेव्हणा. रस्ता? जमिनीच्या मधून नाही, अगदी कडेने गेला. आता तिथे मेव्हण्याचं गार्डन रेस्टॉरंट आहे. पिठलं-भाकरी थाळी साडेतीनशे. काकांना एकदा घेऊन गेलो होतो. ते नुसतं ताक प्यायले.

अॅड_कल्याणी

तिरकस, कलम २१५ खालची उदाहरणं वाचलीत तर अंगावर काटा येईल. मालकाने एजंटला इस्टेट विकायला सांगितली. एजंटला तिथे खाण सापडली, मालकाला पत्ताच नाही. खाणीचं लपवून तो म्हणतो, मीच घेतो विकत. कायदा म्हणतो, मालक तो व्यवहार नाकारू शकतो. दुसरं उदाहरण, एजंटने तिसऱ्याच माणसाच्या नावावर स्वतःच खरेदी केली. खाणीच्या जागी रस्ता घाला आणि तिसऱ्या माणसाच्या जागी मेव्हणा. खाली कलम २१६ ला तर उलट बाजूचं उदाहरण आहे: अमुक घर माझ्यासाठी घे सांगितलं, एजंट म्हणाला मिळत नाही, आणि स्वतःच घेऊन मोकळा झाला. तर ज्या किमतीला घेतलं त्याच किमतीला ते घर मालक त्याच्याकडून मागू शकतो.

तिरकस

म्हणजे हे लोक १८७२ पासून असेच आहेत.

चावीवाला

इथे एजंट म्हणून मी एकटाच दिसतोय, तेव्हा शिव्या खायच्या तयारीने लिहितो.

आधी कबुली. विकणाऱ्याचा शेवटचा आकडा घेणाऱ्याला सांगणं चूक आहे. त्याला माझ्याकडे सबब नाही. आमच्यातच असं करणाऱ्याला "तोंडाचा सुटा" म्हणतात आणि त्याच्याबरोबर शेअरिंगमध्ये कोणी काम करत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. माझ्या ड्रॉवरमध्ये आत्ता १९ चाव्या आहेत. त्यातल्या निम्म्या मालकांनी तोच फ्लॅट आणखी चार एजंटना दिलाय, शिवाय पोर्टलवर स्वतः टाकलाय. मी दहा वेळा दाखवायला जातो, पंखे पुसून घेतो, बाथरूमचा वास जावा म्हणून आदल्या दिवशी जाऊन पाणी सोडतो. अकरावी पार्टी मला टाळून रविवारी वॉचमनकडून मालकाचा नंबर घेते, आणि मालक फोनवर म्हणतो, "ते परस्पर ओळखीतून जमलं हो." तेव्हा मला कोणतं कलम? दोन्हीकडून दलाली घेणं हा पुण्या-मुंबईतला रिवाज आहे, त्यात लपवाछपवी नाही. किती घ्यायची हे कुठल्याच कायद्यात नाही, ठरेल ती.

आणखी एक. मालकच मला सांगतात, "तुम्ही बघा किती येतंय ते, सेटल करून टाका." मग सेटल करताना मी कोणाच्या बाजूचा?

शेवंतीताई, तुमचा त्याच्याशी पहिला मेसेज शोधा. आमच्यातले बहुतेक जण सुरुवातीलाच टर्म्स टाकून ठेवतात.

चहाबाज

पंखे पुसणारा एजंट! तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेवंती

चावीवाला, शोधला. आणि थोडी वरमलेय. पहिल्याच दिवशीच्या मेसेजमध्ये शेवटी "ब्रोकरेज २% बोथ साइड" असं आहे. मी त्याचा अर्थ काय लावला होता सांगू? दोन हप्त्यांत द्यायचे! त्यावर मी अंगठा पण दिलाय.

पण आकड्याचंही सापडलं. त्याचाच मेसेज आहे: "ताई ७२ लास्ट हे आपल्या दोघांतच. बाकी मी बघतो." नशीब व्हॉट्सॲपवर "डिसअॅपिअरिंग" चालू केलं नव्हतं.

अॅड_कल्याणी

सोनं आहे हा मेसेज. दोन्हीकडून घेण्याला तुम्ही अंगठा दिलात, ते सोडून द्या. त्यावर भांडलात तर तुमचाच मुद्दा पातळ होईल. पण दोन्हीकडून पैसे घ्यायची परवानगी म्हणजे एकाचं गुपित दुसऱ्याला विकायची परवानगी नव्हे. "आपल्या दोघांतच" आणि "मी बघतो" ही दोन वाक्यं सांगतात की तो तुमच्या वतीने भाव करणार होता आणि गुपित पाळायचं त्याने कबूल केलं होतं. मध्यस्थ असा मेसेज टाकत नाही.

बैलबाजाराचं नानांचं उदाहरण मी आता कोर्टात वापरणार आहे, नाना, मानधन मागू नका.

दिगंबर_नाना

दोन टक्के. बोथ साइड.

मीनल_त

नवीन बांधकामातला अनुभव लिहिते, कारण तिथे चित्र वेगळं आहे. हिंजवडीला बुकिंग करताना एजंटने सांगितलं की पोहण्याचा तलाव आहे, मेट्रो स्टेशन चालत पाच मिनिटं, बाजूचा प्लॉट बागेसाठी राखीव. मी महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकला. मंजूर नकाशात तलाव पुढच्या फेजमध्ये, म्हणजे देवाच्या मनात असेल तेव्हा. बागेचा उल्लेखच नाही. एजंटचा स्वतःचा नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला, "मॅडम, कंपनीचा आहे ना." स्वतःचा क्रमांक काय, ते त्याला माहीतच नव्हतं.

तिथे रेराचं कलम १० कामाला येतं. खोटी जाहिरात करायची नाही, नोंदणी नसलेला प्रकल्प विकायचा नाही, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवी ती सगळी माहिती आणि कागद मिळवून द्यायला मदत करायची. २०२३ च्या ऑगस्टपासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा झालाय. कोड नसलेलं पत्रक हातात आलं तर मी भेळेसाठी ठेवते.

चावीवाला

मीनल, बरोबर. आणि २०२३ पासून आम्हाला प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. ५१व्या वर्षी परीक्षेला बसलो. मुलगी प्रश्न विचारायची आणि मी चुकलो की "बाबा, हे तर कॉमन सेन्स आहे" म्हणायची. तिला कसं सांगू, धंद्यात तो ऑप्शनला टाकलेला असतो.

जर्सीकर

इकडचं थोडं. न्यू जर्सीत एजंट तुमच्याशी पहिलं कामाचं बोलणं सुरू करतानाच एक छापील पत्रक देतो. तो विकणाऱ्याचा आहे, घेणाऱ्याचा आहे, की दोघांचा, ते त्यात असतं. दोघांचा असायचं असेल तर दोघांची लेखी संमती लागते. २०२४ च्या ऑगस्टपासून तर देशभर बहुतेक एजंट घर दाखवायच्या आधी घेणाऱ्याकडून लेखी करार सही करून घेतात, मोबदल्यासकट. रिअल्टर लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने कोर्टातल्या दाव्यांत तडजोड केली, त्यातून हे आलं.

म्हणून इथे सगळे हरिश्चंद्र आहेत असं नाही. मी घर घेतलं तेव्हा आमच्याच एजंटबाई म्हणाल्या, "बेसमेंट थोडं दमट असतं, तेवढं चालतं." पहिल्या पावसात माझी पुस्तकांची खोकी तरंगत होती. पण पत्रक फार सुंदर छापलेलं होतं.

भाडोत्री_कायमचा

भाड्याच्या घरांबद्दल कोणीच बोलत नाही. एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतात, अकरा महिन्यांनी रिन्यूअलला पुन्हा अर्ध मागतात. कशाचे? तर "पेपर बनवायचे". गळक्या नळाबद्दल फोन केला की "ते तुम्ही आणि मालक बघा".

अॅड_कल्याणी

थोडक्यात: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह-लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदला नाही तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, दुसरं सिद्ध होईपर्यंत. नोंदणी ऑनलाइन होते, रिन्यूअलची दलाली आधी ठरली नसेल तर द्यायचं कारण नाही.

म्हापसेकर

गोंयचो एक किस्सो. (बाकी मराठीत लिहितो.)

माझ्या मित्राने बार्देशात घर घेतलं, एजंटमार्फत. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा म्हणा) विकणाऱ्याचं एकट्याचं नाव. टोकन दिलं. वकिलाकडे गेल्यावर कळलं की बायकोची सहीही लागणार, कारण आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने नवराबायकोची मालमत्ता सामाईक, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर. बायको कुवेतला, आणि नवऱ्याशी बोलत नव्हती. एजंट म्हणाला, "ते मला काय माहीत!" तीस वर्षं गोव्यात घरं विकणाऱ्याला हे माहीत नाही? वकीलबाई, याला काय म्हणायचं?

अॅड_कल्याणी

कलम २१२. त्या धंद्यातल्या माणसाकडून साधारण जेवढी जाण अपेक्षित असते तेवढी तरी हवी, नाहीतर निष्काळजीपणाने झालेलं थेट नुकसान भरून द्यायचं. गोव्यातल्या एजंटला जोडीदाराची सही माहीत नसणं म्हणजे खाटकाला सुरी माहीत नसणं. पण आधी तो तुमच्या मित्राचा एजंट होता का विकणाऱ्याचा, हे सांगा.

म्हापसेकर

तोच तर धाग्याचा प्रश्न मगो!

पोपट_पंच

रेरा चुकलं, मान्य. मग ग्राहक मंच?

अॅड_कल्याणी

आता जिल्हा ग्राहक आयोग म्हणायचं. हो, तिथे जाता येईल. दलाली म्हणजे सेवेचा मोबदला, आणि गुपित फोडणं ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण शेवंतीताई, नुकसान किती झालं हे तुम्हाला दाखवावं लागेल. घेणारा ७८ला आलाच असता असं कोण शपथेवर सांगणार? म्हणून माझं मत: भरपाईच्या मागे धावण्यापेक्षा उरलेली दलाली थांबवा. मात्र गप्प बसून बुडवू नका. का देत नाही ते लिहून कळवा, आणि त्याचं म्हणणं लेखी मागवा. फोनवर एक शब्द बोलू नका.

चावीवाला

मी याच्याशी सहमत आहे, हे लिहिताना हात थरथरतोय. फक्त एक विनंती. त्याने केलेल्या बाकीच्या कामाचे थोडे तरी द्या. पार्टी त्यानेच आणली, बँकेच्या फेऱ्या मारल्या, सोसायटीची एनओसी आणली. "त्या कामाच्या भागाचा" असंच कलमात आहे ना, वकीलबाई?

अॅड_कल्याणी

आहे. परीक्षा नीट दिलेली दिसतेय.

चहाबाज

मुलीला पेढे द्या.

शेवंती

अपडेट द्यायला आले. दहा दिवस झाले.

कल्याणीताईंनी सांगितल्याप्रमाणे मेसेज केला. ७२चा आकडा आणि घरगुती अडचण घेणाऱ्यांना का सांगितली, लेखी कळवा, तोपर्यंत उरलेली रक्कम थांबवत आहे. निळ्या टिका लगेच आल्या. मग फोन. उचलला नाही. मग पाच फोन. मग व्हॉइस नोट: "ताई, असं लिहून नका ना पाठवू, आपलं घरचं नातं आहे." मी लिहिलं, "घरचं नातं आहे म्हणूनच घरातलं बाहेर का गेलं ते विचारतेय." त्यावर जीएसटीचं बिल आलं! अख्ख्या १ लाख ४५ हजारांवर १८ टक्के, २६,१०० रुपये जादा. बिलावर जीएसटी नंबरची जागा कोरी. नंबर मागितला तर म्हणाला, "अप्लाय केलाय." नंबर नसताना कर कसा घेता विचारल्यावर बिल "डिलीट फॉर एव्हरीवन" झालं. स्क्रीनशॉट आहे.

शेवटी भाऊ नाशिकहून आला. त्याच्यासमोर २० हजारांवर मिटलं, चावीवाल्यांचं ऐकून. ७२,५०० पैकी ५२,५०० मी दिले नाहीत. त्याने तसं लिहूनही दिलं.

पण खरी गंमत काल झाली. काकू आणि काका पुन्हा आले, या वेळी पडद्यांच्या मापाला. मी त्यांना सरळ सगळं सांगितलं. काकांनी खिशातून फोन काढला आणि दोन्ही फोन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. भाव ठरला त्याच संध्याकाळचे मेसेज. ६ वाजून १० मिनिटांनी मला: "ताई, पार्टी निघाली, उद्या दुसरा फ्लॅट फायनल करतेय, आज हो म्हणा." ६ वाजून १४ मिनिटांनी काकांना: "सर, ओनरला दुसरी पार्टी ७५ देतेय, आज हो म्हणा."

काका बराच वेळ दोन्ही फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ही त्याला अजून निम्मे द्यायचेत. तुमच्या त्या वकीलबाईंचा नंबर मिळेल का?"

तिरकस

चार मिनिटांत दोन डगरींवर हात. माणूस चपळ आहे, मानलं पाहिजे.

अॅड_कल्याणी

काकांना व्यनि करायला सांगा. आणि ओट्यावरच्या त्या दोन फोनचा एकत्र फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा.

दिगंबर_नाना

फ्रिज बसला का ओट्याशेजारी?

शेवंती

नाही नाना. दोन इंच कमी पडले. एजंटने त्यांना सांगितलं होतं, आरामात बसेल.